न झिजणारा सेवक

कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहतीतील ओतकामाचा एक कारखाना पाहून सातवीची मुले बाहेर पडली, तेव्हा दुपार कलली होती. जे पाहिले ते त्यांच्या डोळ्यांपुढून हलत नव्हते. भट्टीत सुमारे चौदाशे अंशांपर्यंत तापलेले लोखंड पाण्यासारखे पातळ होऊन वाळूच्या साच्यांत शिरत होते आणि निवल्यावर त्यातून मोटारीच्या इंजिनाचा सांगाडा आकाराला येत होता. कोल्हापूरच्या ओतकामाची कीर्ती देशभर आहे. शिवाजी उद्यमनगरात वाढलेली ही विद्या पुढे शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल येथे पसरली. देशाच्या रस्त्यांवर धावणाऱ्या कित्येक वाहनांच्या इंजिनांचे भाग या मातीत ओतले गेले आहेत.

महामार्गाच्या कडेला एका वडाखाली मुले एस.टी.ची वाट पाहत उभी राहिली. इतक्यात एक जुनी मालमोटार काळ्या धुराचा लोट सोडीत चढावरून गेली. मुलांनी नाकाला रुमाल लावले. तिच्यामागून एक नवी मालमोटार गेली. तिच्या धुराड्यातून काहीच निघताना दिसले नाही.

"गुरुजी, दोन्ही गाड्या डिझेलवरच चालतात ना? मग एकीचा धूर गेला कुठे?" एका मुलीने विचारले.

"जाळीच्या डब्यात," गुरुजी म्हणाले. "नव्या गाडीच्या धुराड्यात धूर धुऊन काढणारे डबे बसवलेले असतात."

हे ऐकून मागे उभा असलेला एक मुलगा चटकन म्हणाला, "आमच्या दादाच्या मोटारसायकलला तसला डबा होता. त्याने गेल्या महिन्यात सायलेन्सर बदलून घेतला, त्याबरोबर डबाही गेला. गाडी आता हलकी पळते, असे तो सांगतो."

काही मुले हसली. गुरुजी मात्र हसले नाहीत. त्यांनी त्या मुलाला रागेही भरले नाही. ते इतकेच म्हणाले, "दादाने काय काढून टाकले, ते त्याला ठाऊक नसावे. उद्या वर्गात आपण त्याचाच विचार करू."

दुसऱ्या दिवशी वर्गात ज्या विषयाचे विवेचन झाले, तो विषय असा.

पेट्रोल आणि डिझेल ही इंधने मुख्यतः कार्बन आणि हायड्रोजन या दोन मूलद्रव्यांची बनलेली असतात. ती पुरतेपणी जळाली, तर कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ एवढेच उरते. परंतु इंजिनातील ज्वलन सेकंदाच्या एका लहानशा अंशात उरकावे लागते. गुऱ्हाळाच्या चुलवाणात घाईघाईने चिपाडे कोंबली, तर ती धुमसतात आणि धूर करतात. इंजिनातही काहीसे तसेच घडते. पुरेसा प्राणवायू न मिळालेला काही कार्बन अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड हा वायू तयार होतो. काही इंधन न जळताच बाहेर पडते. शिवाय ज्वलनाचा दाह एवढा तीव्र असतो, की एरवी हवेत शेजारी शेजारी निमूटपणे राहणारे नायट्रोजन आणि प्राणवायू त्या दाहात एकमेकांशी संयोग पावतात व नायट्रोजनची ऑक्साइडे निर्माण होतात.

या तिघांपैकी कार्बन मोनॉक्साइड हा सर्वांत कपटी शत्रू आहे. त्याला रंग नाही, वास नाही. श्वासाबरोबर तो शरीरात गेला, म्हणजे रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्टपणे चिकटतो. मग प्राणवायूने बसावयाचे कोठे? माणसाला भोवळ येते, डोके दुखू लागते आणि बंद जागेत तर प्राणही जातो. काळा धूर निदान डोळ्यांना दिसतो व मनुष्य दूर सरतो. जो दिसत नाही, त्याच्यापासून तो कसा दूर सरणार?

उरलेले दोघे सूर्यप्रकाशात हातमिळवणी करतात. अमेरिकेतील लॉस एंजलिस शहरात १९४३ च्या उन्हाळ्यात एके दिवशी असे धुके दाटले, की लोकांचे डोळे चुरचुरू लागले आणि घसे खवखवू लागले. महायुद्धाचे दिवस होते. शत्रूने विषारी वायू सोडला की काय, अशी शंका पुष्कळांना आली. पुढे हागेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञाने या कोड्याचा उलगडा केला. ते अननसाच्या स्वादातील द्रव्यांचा अभ्यास करीत होते. तेच कसब त्यांनी शहराच्या हवेला लावले आणि १९५० च्या सुमारास दाखवून दिले, की मोटारींतून व तेलाच्या कारखान्यांतून निघणारी न जळलेली इंधनद्रव्ये आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांच्यावर ऊन पडले, म्हणजे ओझोनसारखी दाहक द्रव्ये तयार होतात. शत्रू परका नव्हता. तो घरोघरच्या गाड्यांमधूनच निघत होता.

मोटारी तर बंद करता येत नव्हत्या. तेव्हा धूर बाहेर पडण्यापूर्वीच तो निर्विष करता येईल काय, असा प्रश्न उभा राहिला. कार्बन मोनॉक्साइडला आणखी थोडा प्राणवायू मिळाला, तर त्याचा कार्बन डायऑक्साइड होतो. परंतु हा वायू हवेत आपोआप पेट घेण्यासाठी सहाशे अंशांहून अधिक उष्णता लागते. धुराड्यात इतकी उष्णता नेहमी कोठून आणावी? येथे एका अद्भुत सेवकाची आठवण झाली. त्याचे नाव उत्प्रेरक.

उत्प्रेरक म्हणजे काय, हे समजण्यासाठी सह्याद्रीकडे पाहावे. कोल्हापूरहून रत्नागिरीस जाणाऱ्या वाटसरूपुढे सह्याद्रीची भिंत उभी असते. तिचा सर्वांत उंच कडा चढून पलीकडे उतरावयाचे म्हटले, तर एखादाच धाडसी पुरुष पोहोचेल. परंतु आंबा घाटाने जाणाऱ्याला चढ कमी लागतो आणि दररोज शेकडो माणसे सुखाने पार होतात. घाटामुळे कोल्हापूर हलत नाही, रत्नागिरी हलत नाही. केवळ मधला चढ कमी होतो. शिवाय इतकी माणसे पार गेली, म्हणून घाट काही संपत नाही. उत्प्रेरक हा रासायनिक क्रियेतील घाट होय. तो क्रियेला कमी चढाची वाट दाखवतो आणि काम झाल्यावर स्वतः पूर्वीसारखाच उरतो.

ही शक्ती मनुष्याला फार पूर्वी दिसली होती. इंग्लंडमधील शास्त्रज्ञ हंफ्री डेव्ही यांना १८१७ मध्ये असे आढळले, की तापवलेली प्लॅटिनमची तार कोळशाचा वायू व हवा यांच्या मिश्रणात धरली असता ज्योत नसतानाही लाल होऊन तळपत राहते. तारेच्या पृष्ठभागावर तो वायू मुकाट्याने जळत होता. १८३५ मध्ये स्वीडनचे बर्झेलियस यांनी अशा सर्व घटनांना एकच नाव दिले आणि उत्प्रेरणाचे शास्त्र सुरू झाले. प्लॅटिनमच्या पृष्ठभागावर नेमके काय घडते, याचा बारकाईने उलगडा जर्मनीचे गेरहार्ड एर्टल यांनी केला. कार्बन मोनॉक्साइडचे रेणू तेथे येऊन टेकतात. प्राणवायूच्या रेणूचे दोन तुकडे होऊन तेही तेथेच बसतात. मग दोघांची गाठ पडते, कार्बन डायऑक्साइड तयार होऊन उडून जातो आणि ती जागा पुढच्या पाहुण्यांसाठी रिकामी होते. या संशोधनासाठी एर्टल यांना २००७ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

या सेवकाला मोटारीच्या कामाला लावण्याचा ध्यास यूजीन हूड्री या फ्रेंच अभियंत्याने घेतला. हूड्री १९३० मध्ये अमेरिकेत गेले. जड तेलापासून उत्प्रेरकाच्या साहाय्याने उत्तम पेट्रोल काढण्याची रीत त्यांनी प्रचारात आणली होती. ज्याने जगाला पेट्रोल दिले, त्यानेच उतारवयात पेट्रोलच्या धुराचा विचार केला. धूर शुद्ध करणाऱ्या परिवर्तकाचे एकस्व त्यांना १९५६ मध्ये मिळाले. परंतु त्यांचा परिवर्तक मोटारींना लावता येईना. त्याच्या वाटेत एक विष आडवे आले. ते विष म्हणजे शिसे.

इंजिनात ठोके बसू नयेत, म्हणून त्या काळी पेट्रोलमध्ये शिशाचे एक संयुग मिसळत असत. धुराबरोबर हे शिसे परिवर्तकात जाई आणि उत्प्रेरकावर त्याचे पुट चढे. मग कार्बन मोनॉक्साइडला टेकावयास जागाच उरत नसे. घाटाच्या तोंडाशी दरड कोसळावी आणि सारी वाहतूक थांबावी, तसे होई. जो सेवक कामाने झिजत नाही, तो कुसंगतीने मात्र निकामी होतो. हूड्री १९६२ मध्ये मरण पावले. त्यांचे स्वप्न त्यांच्या हयातीत पुरे झाले नाही.

पुढे १९७० मध्ये अमेरिकेने शुद्ध हवेचा कडक कायदा केला. उत्प्रेरकाला जपण्यासाठी १९७४ पासून तेथे शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले आणि १९७५ च्या नव्या मोटारींना परिवर्तक लागले. यातून आणखी एक मोठा लाभ झाला. शिसे हे केवळ उत्प्रेरकाचे विष नाही. लहान मुलांच्या वाढत्या मेंदूचेही ते विष आहे. पेट्रोलमधून ते जसजसे हटले, तसतसे मुलांच्या रक्तातील शिशाचे प्रमाण उतरत गेले. एका यंत्राचा नाजूकपणा लक्षावधी बालकांच्या कामी आला.

भारतात १ एप्रिल १९९५ पासून दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि चेन्नई या चार महानगरांतील नव्या पेट्रोल मोटारींना परिवर्तक सक्तीचा झाला. त्याच वेळी तेथे शिसेविरहित पेट्रोलही आले. १ फेब्रुवारी २००० पासून साऱ्या देशातच शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले. जगातील मोटारींचे पेट्रोल शिशापासून पूर्णतः मुक्त होण्यास मात्र २०२१ साल उजाडावे लागले.

या परिवर्तकाला लोक कॅटॅलिटिक कन्व्हर्टर या नावाने ओळखतात. त्याची रचना पाहण्यासारखी असते. पोलादी डब्यात भाजलेल्या मातीसारख्या कठीण द्रव्याची वीट बसवलेली असते. मधमाश्यांच्या पोळ्याप्रमाणे तिला आरपार शेकडो बारीक नळ्या असतात. नळ्यांच्या आतून खडबडीत लेप असतो आणि त्या लेपावर मौल्यवान धातूंचे अतिसूक्ष्म कण पसरलेले असतात. हुपरीच्या चांदीकारागिरांना थोडक्या धातूतून पुष्कळ नक्षी कशी काढावी, हे ठाऊक असते. येथेही तीच युक्ती आहे. मोटारीच्या परिवर्तकात अवघे काही ग्रॅम धातू असतो. पण तो इतक्या मोठ्या पृष्ठभागावर पसरलेला असतो, की धुराच्या प्रत्येक झोताला त्याचा स्पर्श घडतो. सोनाराच्या दुकानातील माती धुऊन झारेकरी जसा सोन्याचे कण परत मिळवतो, तसे जुन्या परिवर्तकांतून हे धातूही परत मिळवले जातात.

पेट्रोल मोटारीतील हे धातू मुख्यतः तीन आहेत. प्लॅटिनम आणि पॅलेडियम हे कार्बन मोनॉक्साइडला व न जळलेल्या इंधनाला प्राणवायूची जोड देतात. ऱ्होडियम हा नायट्रोजनच्या ऑक्साइडांपासून प्राणवायू सोडवून निरुपद्रवी नायट्रोजन मोकळा करतो. एकाला प्राणवायू द्यावयाचा आणि दुसऱ्याकडून काढून घ्यावयाचा, ही दोन्ही कामे एकाच वेळी साधण्यासाठी तोल फार अचूक लागतो. एक भाग पेट्रोलला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा, हा तो तोल. तो राखण्यासाठी धुराड्यात प्राणवायू मोजणारे एक इंद्रिय बसवलेले असते. ते क्षणोक्षणी इंजिनाला खबर देते आणि इंजिन आपला आहार कमीजास्त करते.

महामार्गावरील मालमोटारींची गोष्ट थोडी वेगळी आहे. डिझेलच्या इंजिनात हवा नेहमीच जास्त असते. त्यामुळे वरील तोल तेथे चालत नाही. १ एप्रिल २०२० पासून देशभर ‘भारत स्टेज सहा’ ही मानके लागू झाली. तेव्हापासून नव्या मालमोटारींत एकापुढे एक असे पहारे असतात. पहिला उत्प्रेरक कार्बन मोनॉक्साइडचा बंदोबस्त करतो. त्यापुढील गाळणी काजळी अडवते. त्यापुढे धुरात एका द्रावणाचा फवारा उडतो. ते द्रावण म्हणजे शुद्ध पाण्यात विरघळवलेला ३२.५ टक्के युरिया होय. कागलच्या शेतकऱ्यालाही युरिया परका नाही. तोच तो उसाला घालतो. धुराच्या उष्णतेने युरियापासून अमोनिया निघतो आणि उत्प्रेरकाच्या साहाय्याने अमोनिया नायट्रोजनच्या ऑक्साइडांचे पुन्हा नायट्रोजन व पाणी करतो. मात्र शेतातल्या पोत्यातील युरिया या टाकीत चालत नाही, कारण त्यातील अशुद्ध द्रव्ये उत्प्रेरकाला बाधतात. गंधकही त्याला बाधते. म्हणून या मानकांबरोबर इंधनातील गंधक दहा लाख भागांत दहा भागांवर आणले गेले.

ही मानके पाळली जातात किंवा नाही, याची कसोटी घेणारी संस्था महाराष्ट्रातच आहे. भारतीय वाहन संशोधन संस्था १९६६ मध्ये स्थापन झाली असून ती पुण्यात आहे. अशा कसोटीत वाहन मोठ्या रुळांवर जागच्या जागी धावते आणि त्याच्या धुरातील एकेक वायू काटेकोरपणे मोजला जातो.

असे असले, तरी परिवर्तक सर्वशक्तिमान आहे, असे कोणी समजू नये. तो सुमारे अडीचशे ते तीनशे अंश तापेपर्यंत नीट कामाला लागत नाही. म्हणून नुकत्याच सुरू केलेल्या गाडीचा धूर अधिक अपायकारक असतो. शाळेच्या दारात वाहने चालू ठेवून उभी राहिली, तर त्यांचा धूर मुलांच्याच छातीत जातो. कार्बन डायऑक्साइड तर परिवर्तक काढतच नाही; उलट कार्बन मोनॉक्साइडचा तोच होतो. पृथ्वीचे तापमान वाढवणारा हा वायू कमी करावयाचा, तर इंधनच कमी जाळले पाहिजे. जेथे पायी किंवा सायकलीने जाता येते, तेथे तसेच जाणे हा त्याचा सर्वांत सोपा उपाय होय.

एवढे सांगून गुरुजी थांबले. वर्ग शांत होता. कालचा मुलगा हळूच उभा राहिला.

"गुरुजी, डबा काढल्यावर दादाची गाडी हलकी पळते, ते खरे का?"

"नळी मोकळी झाली, म्हणजे आवाज वाढतो. आवाज वाढला, की वेगही वाढला असे वाटते," गुरुजी म्हणाले. "पण घटकाभर ते खरे धरू. त्या बदल्यात दादाने काय दिले? गाडीच्या मागून कोण चालते, बाळ?"

मुलगा विचारात पडला. दादा रोज सकाळी त्याला शाळेच्या फाटकापाशी सोडीत असे. गाडी वळून जाई आणि तिच्या धुरात उभा राहून तो दादाला हात हलवीत असे. त्याच्या मागे पहिलीतली लहान मुलेही उभी असत. गाडीवर बसणारा नेहमी धुराच्या पुढे असतो. धूर मागच्यांच्या वाट्याला येतो.

"गुरुजी," तो म्हणाला, "जुना सायलेन्सर टाकून दिलेला नाही. आईने तो गोणपाटात गुंडाळून माळ्यावर ठेवला आहे."

"मग आज संध्याकाळी तो खाली काढ," गुरुजी म्हणाले, "आणि दादाला आंबा घाटाची गोष्ट सांग."

त्या संध्याकाळी तो मुलगा दादाजवळ बसून बराच वेळ बोलत होता. दादाने आधी थट्टा केली, मग दोन प्रश्न विचारले आणि अखेर शिडी आणावयास सांगितली. रविवारी मोटारसायकलचा जुना सायलेन्सर पुन्हा जागेवर बसला. तिचा आवाज उतरला. सोमवारी सकाळी शाळेच्या फाटकापाशी ती कधी आली आणि कधी गेली, हे कोणाच्या ध्यानातही आले नाही.

जगातील पुष्कळ उपकारकर्ते असेच असतात. ते दिसत नाहीत, बोलत नाहीत आणि दुसऱ्याचे विष निवारताना स्वतः झिजत नाहीत. त्यांची अपेक्षा एवढीच, की त्यांना त्यांच्या जागेवर राहू द्यावे आणि अशुद्ध संगतीपासून जपावे. तेवढे करणे मनुष्याच्या हाती आहे.

स्वाध्याय

१. पुढील प्रश्नांची एकेका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) कार्बन मोनॉक्साइडला कपटी शत्रू का म्हटले आहे?
(आ) हूड्री यांचा परिवर्तक त्यांच्या हयातीत मोटारींना का लावता आला नाही?
(इ) ऱ्होडियम हा धातू कोणते काम करतो?

२. उत्प्रेरकाला घाटाची उपमा का दिली आहे, ते चार-पाच वाक्यांत सांगा.

३. ‘एका यंत्राचा नाजूकपणा लक्षावधी बालकांच्या कामी आला’ या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.

४. ‘गाडीच्या मागून कोण चालते?’ या प्रश्नातून गुरुजींना काय सुचवावयाचे होते?

५. तुमच्या शाळेच्या फाटकापाशी सकाळी किती वाहने चालू ठेवून उभी असतात, ते सलग तीन दिवस मोजा. ती बंद ठेवावीत अशी विनंती करणारे पत्र पालकांना लिहा.